पाठीशी भांडणारा पट्टा

मित्रांनो, मी एक जुना चामडी पट्टा आहे. कमरेचा नाही, पाठीचा. माझी कीव करायला आला असाल तर आल्या पावली परत जा. मी एका पाठीशी दोन वर्षं भांडलो आणि त्याचा मला अभिमान आहे.

१९४३ साली नगरमध्ये दिलावर खोगीरवाल्याने मला शिवलं. घोड्याचं सामान बनवण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी त्याच्याकडे कर्जतकडची तेरा वर्षांची साळू पाठवली. तिची पाठ पुढे वाकत चालली होती. हाडं वाढताहेत तोवर ती आवरली नाही, तर वाक जन्माचा राहणार होता.

दिलावरने ती उभी होती तसंच माप घेतलं. मी तिच्या कुबडावर अगदी चपखल बसलो. तो खूश, मीही खूश. डॉक्टरांनी मात्र कपाळाला हात लावला.

"अहो दिलावर, हा तर कुबड जपतोय!"

"डाक्टरसाब, खोगीर जुळलं न्हाई तर जनावराची पाठ सोलून निघती. आमी जुळवूनच शिवतो."

"इथं पाठीला जुळवायचं नाही. पाठीला वळवायचं आहे."

मग साळूला पालथं झोपवून, खांदे मागे ओढून नवं माप घेतलं. दिलावरने माझी शिवण उसवली, मागे दोन लोखंडी पट्ट्या बसवल्या, खांद्यांना वाद्या लावल्या. माझा खरा जन्म तेव्हा झाला.

पहिल्या आठवड्यात साळूच्या काखा सोलल्या. ती रडली. मला फार वाईट वाटलं, पण मी सैल पडलो नाही. गावातली पोरं तिला बघून घोड्यासारखी खिंकाळायची. शेजारच्या रंगुबाई रोज सांगायच्या, "लंकाबाई, पोरीच्या पाठीला तापल्या सळीचा डाग दे, लगेच गुन येतो." साळूची आई, लंकाबाई, नुसतं ऐकून घ्यायची.

वर्षभराने पाहुणे साळूला बघायला आले. लंकाबाई घाईघाईने माझ्या वाद्या सोडू लागली. "आजच्या दिस काढ गं. त्यास्नी कळाया नगं."

साळूने तिचा हात धरला. "आज लपवलं तर जलमभर लपवावं लागंल. म्या न्हाई काढनार."

एवढंच नाही, तिने मला पोलक्यावरून बांधलं आणि तशीच बाहेर गेली. "चालून दाखव," पाहुणे म्हणाले. ती चालली. माझं चामडं करकर वाजत होतं आणि मला जराही लाज वाटत नव्हती. पाहुणे पोहे न खाताच उठले.

लंकाबाई दिवसभर साळूवर धुसफुसत राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र तिने स्वतः माझ्या वाद्या आवळल्या, डोळे पुसत पुसत. त्या महिन्यात वादी एक भोक पुढे गेली.

आणखी वर्षाने डॉक्टरांनी मला उतरवलं. साळूची पाठ काठीसारखी सरळ झाली, असं खोटं मी सांगणार नाही. थोडा वाक राहिला. पण वाढला नाही, आणि मान वर करून ती समोर बघू लागली.

म्हणून सांगतो, मित्रांनो. कुणाची पाठ वाकू लागली तर चिडवण्यात आणि डागण्यात दिवस घालवू नका, वेळेत डॉक्टरांकडे न्या. आणि तुमच्या वर्गात एखादी माझ्यासारखा पट्टा बांधून आली, तर हसू नका. हसायचंच असेल तर खुशाल हसा. ती काढणार नाही.