बेलटोल्याच्या तळ्यातला डोंगा

मित्रांनो, भिलाईहून बसने तासाभराच्या वाटेवर बेलटोल्याचे तळे आहे. त्याच्या बांधाखाली बाभळीच्या सावलीत एक जुना डोंगा पालथा पडलेला तुम्ही पाहिला असेल. सहलीला आलात तेव्हा त्याच्यावर ओले टॉवेलही वाळत घातले असतील. तोच मी.

मला चौऱ्याहत्तर साली कवडूने घडवले. कवडू भंडाऱ्याकडचा ढिवर, पिढीजात मासेमार. भिलाईच्या कारखान्यात मजुरीला आला, पण पाण्यावाचून करमेना म्हणून या तळ्याकाठी येऊन राहिला. सरईच्या, म्हणजे सालवृक्षाच्या फळ्या, फटींत ठासून भरलेला ताग आणि वरून गरम डांबर, असा माझा जन्म. दर उन्हाळ्यात तो मला काठावर ओढून पुन्हा डांबर फासत असे. त्याची बायको गयाबाई म्हणे, "पोरीच्या केसाले इतकं तेल नाही लावलं कधी!"

रविवारी टाउनशिपमधली कुटुंबे येत. बांधावर वांगी भाजली जात, चादरी अंथरल्या जात, आणि जेवणे झाली की सगळ्यांना मधल्या टापूवरच्या महादेवाला जायचे असे. मी दिवसभर ये-जा करी. मुले माझ्या काठावरून पाण्यात हात सोडून बसत. मला फार बरे वाटे.

पण मी खरी वाट पाहायचो ती शामराव आणि कलावतीबाईंची. शामराव कारखान्यात क्लार्क होते. काचबिंदूने त्यांची नजर गेली आणि त्यांनी नोकरी सोडली. तेव्हापासून कलावतीबाई त्यांना दर पंधरवड्याला इथे आणीत आणि डोंग्यात बसून त्यांना तळे सांगत.

"आयका, डाव्या हाताले बदकं उडाली. पंधरा... नाही, वीस असतीन. एक मांगं राहून गेलं."

"माझ्यासारखं आळशी असन," शामराव हसत.

कवडू मुकाट्याने वल्हे मारी. तो मुळातच अबोल माणूस.

शहाऐंशीच्या पावसाळ्यात कलावतीबाई तापाने गेल्या. दिवाळीनंतर एका सकाळी शामराव एकटेच बसमधून उतरले. गयाबाईने हात धरून त्यांना माझ्यापर्यंत आणले. तळ्याच्या मध्यावर आलो, तरी कोणी बोलेना. शेवटी कवडूने वल्हे थांबवले आणि घसा खाकरला.

"भाऊसाहेब, उजव्या हाताले पाणकावळा हाये. पंख वाळवून राहिला."

शामरावांनी मान उजवीकडे वळवली. मग म्हणाले, "एकच हाये?"

"एकच."

त्या दिवसापासून अबोल कवडू बोलका झाला. कमळे किती उमलली, बगळा कुठे उभा आहे, महादेवाच्या देवळावर कोणता झेंडा लागला, सगळे सांगू लागला. कधी अडखळे, कधी पक्ष्याचे नाव चुके. शामराव आवाजावरून ते दुरुस्त करत.

एक्क्याण्णव साली एका ठेकेदाराने इंजिनाच्या बोटी आणल्या. लोकांना गंमत वाटली. बोटींनी कमळांचे वेल तोडले, पाण्यावर तेलाचा तवंग आला, पत्रावळी आणि पिशव्या काठाला साचल्या. दुसऱ्या हिवाळ्यात बदके आलीच नाहीत.

तरी कवडू सांगत राहिला. "बारा बदकं, भाऊसाहेब. टापूच्या मांगं." मी त्याच पाण्यावर होतो, मित्रांनो. तिथे एकही बदक नव्हते. मला त्याचा राग आला नाही. शामरावांपाशी उरलेले तेवढे एक सुख काढून घ्यायला त्याचा हात धजत नव्हता.

मग त्र्याण्णव साली हुकूम निघाला, की तळ्यात फक्त इंजिनाच्या बोटी चालतील. कवडूने मला एकट्यानेच बांधाखाली ओढले. त्या दिवशी त्याने डांबराचा डबा बाहेर काढला नाही.

पुढच्या रविवारी शामराव आले. सगळे ऐकून म्हणाले, "डोंग्यात बसव मले."

कोरड्या जमिनीवर ते माझ्यात बसले. कवडू वल्ह्याच्या जागी बसला.

"सांग."

"बदकं..." कवडूचा आवाज फाटला. "बदकं नाहीत, भाऊसाहेब. लय दिवसांपासून नाहीत. मी खोटं बोलून राहिलो होतो."

"मले कान आहेत न, कवडू. पंखांचा आवाज नव्हता येत."

"मंग मले रोखलं कावून नाही?"

शामरावांनी चाचपून त्याचा गुडघा शोधला आणि त्यावर हात ठेवला. "ती गेल्यावर मले कोण सांगत होतं? तू सांगत होता. मले तेवढंच पाहिजे होतं."

दोघेही रडले. माझ्या फळ्यांवर त्या दिवशी तेवढेच पाणी पडले.

पुढे शामरावांचा मुलगा त्यांना नागपूरला घेऊन गेला. ते पुन्हा आले नाहीत, आणि कवडूने मला पालथे घातले. कवडू आता बोटींच्या फाटकावर चौकीदारी करतो. माझ्याजवळून जाताना तो मान दुसरीकडे वळवतो. माझ्या तळाला वाळवी लागली आहे, पण सरईचे लाकूड चिवट असते. दोन फळ्या बदलल्या, तर मी अजून तरंगेन.

मित्रांनो, सहलीला आलात तर पत्रावळी पाण्यात टाकू नका. पाखरे भांडत नाहीत, नुसती निघून जातात. आणि तुमच्यापैकी कोणाला माझी दया आली, मला दुरुस्त करावेसे वाटले, तर आधी कवडूला हाक मारा. माझ्यात पाणी कुठून शिरते, ते त्याच्याशिवाय कोणालाच माहीत नाही.