तीन सरींचा पाऊस

बारामतीहून इंदापूरला जीप निघाली, तेव्हा विमलनं काँप्युटरचा पडदा मांडीवर घेतला होता. तान्हं लेकरू धरावं तसा. प्रत्येक खड्ड्याला ती मनात पांडुरंगाचं नाव घेई, आणि शेजारी बसलेले बुद्धघोष सर हसत.

"विमलताई, देवाला किती कामं लावाल? जरा मलाही धरू द्या!"

सरांचा बारामतीत काँप्युटरचा क्लास. विमलला हे सगळं शिकवलं ते त्यांनीच. ती द्राक्ष बागायतदार संघाच्या कचेरीत टंकलेखक. नव्याण्णव सालच्या जानेवारीत संघाची वेबसाइट झाली. तिच्यावर रोजचं हवामान द्यायचं ठरलं, आणि त्यासाठी विमलनं तीन आठवडे खपून हलती चित्रं काढली. आज ती सभेला दाखवायची होती. अध्यक्ष तात्याबांनी बजावलंच होतं, "सभासदांना पटलं तर ठीक. न्हायतर ह्यो डबा इकायचा, आन् तू आपली टाइपरायटरवर."

इंदापुरात सभा सुरू झाली. पडद्यावर गरगरणारा सूर्य आला तशी टाळी पडली. ढग सरकत गेला, त्यालाही माना डोलल्या. मग पाऊस आला.

थेंब पडायला लागले. पडतच राहिले. टपटप, टपटप, थांबायचं नाव नाही. सभागृहातलं हसू विरलं. बागांमध्ये मण्यांत साखर भरत होती, आणि आता पावसाची सर आली तर मणी तडकून घड मातीमोल होतो. शेळगावचे भिमाआबा तर उठून खिडकीतनं आभाळ बघून आले.

"पोरी," तात्याबांनी विचारलं, "ह्यो थांबतो कवा?"

"थांबत नाही, तात्या. चालूच राहतो."

"चालूच?"

"बंद करा आधी ते!" भिमाआबा ओरडले. "सोन्यासारखा माल उभा हाय आन् ही पाऊस पाडती व्हय!"

कालवा झाला. तात्याबांनी हात वर केला. "चा पिऊन घ्या समदी. पोरी, तंवर काय करायचं ते कर. न्हायतर डबा गेला."

विमल पुन्हा काँप्युटरपुढं बसली. सर हळूच म्हणाले, "पावसाचं चित्र काढून टाकू या. सूर्य आवडलाय त्यांना."

"आणि खरंच पाऊस यायचा असला, तर काय सूर्य दाखवायचा?"

विमलचं मन गेलं रविवारच्या कीर्तनात. बुवांनी राजाराणीच्या वनवासाचं आख्यान लावलं होतं. वेळ टळून गेली, आरतीचं तबक तयार, तरी बुवा काही राजाला रानात सोडून खाली बसेनात. सासूबाई तर पदर डोळ्यांना लावून म्हणाल्या होत्या, "त्याला घरी पोचवल्याबिगर म्या उठायची न्हाय." माणूस दुःख ऐकून घेतो, कितीही ऐकतो, पण ते कुठंतरी संपलं पाहिजे.

"सर, पाऊस तीनदा पाडून थांबवता येईल?"

"येईल की! चित्रानं किती वेळा फिरायचं त्याचा आकडा असतो. तुम्ही शून्य घातलंय, म्हणजे कायमचं."

"मग तीन घालते. आणि शेवटी एक चित्र वाढवते."

बाहेर कपबशा वाजत होत्या. विमलनं पडद्यावरचे बारीक बारीक चौकोन रंगवून पान काढलं, पानाखाली घड काढला. घाईत घड थोडा वाकडा झाला. राहू दे म्हणाली, वेलीवर तरी कुठं सरळ असतात?

मंडळी परत बसली. पाऊस सुरू झाला. एक सर गेली. दुसरी गेली. भिमाआबांनी गुडघ्यावर बोटं टेकून सरी मोजायला घेतल्या. तिसरी गेली आणि पाऊस थांबला. ढगाखाली हिरवा घड तसाच लटकत राहिला.

भिमाआबा पडद्याला नाक लागेपर्यंत पुढं आले.

"येकबी मणी तडकला न्हाय?"

"एकही नाही, आबा."

"आमच्यापरास तुझी बाग बरी की गं!" म्हणत ते असे हसले की सगळी सभा हसली. तात्याबांनी चिटणिसाला खूण केली. "लिहा. काँप्युटर ऱ्हाईल, आन् त्यावर विमलच बसंल."

विमलनं डोळे मिटून हात जोडले. सरांनी दोन्ही हात वर करून टाळी वाजवली.

"आन् गारांचं काय?" मागून कुणीतरी विचारलं.

"ते चित्र अजून काढायचंय."

"काढूच नगंस!" दहाबारा जण एकदम ओरडले.

"असं कसं, काढावं तर लागेल," विमल म्हणाली.

तात्याबांनी क्षणभर विचार केला. "बरं, काढ. पर एकच गार पाड. आन् तीबी बांधावर."