कधीच न थांबलेली मोटार

मी एक जुनी मोटार आहे. रस्त्यावर धावणारी नव्हे, मित्रांनो. मी कागदाच्या कारखान्यात एका जागी पाय रोवून लाकडाचा लगदा दळणारी चक्की फिरवत असे. आता कारखान्याच्या मागच्या भिंतीलगत, फुटक्या पाइपांच्या ढिगाशेजारी आडवी पडले आहे. इथे बोलायला कोणी नाही, म्हणून तुमच्याशी बोलते.

मला घडवले तेव्हा माझ्या पोटातले तांब्याच्या तारेचे वेढे बायकांनी हाताने बसवले होते, एकेक वेढा लाकडी हातोडीने हलकेच ठोकून. माझे अंग ओतीव लोखंडाचे, हत्तीच्या पिल्लाएवढे. कारखान्यात आणले तेव्हा दाराची चौकट काढून मला आत घ्यावे लागले.

माझ्यासारखीला सुरू करणे म्हणजे नुसते बटण दाबणे नव्हते. शेजारी एक लोखंडी पेटी होती आणि तिला एक दांडा. तो एका खाचेतून पुढच्या खाचेत सरकवत न्यायचा. घाई केली तर विजेचा लोंढा एकदम माझ्यात घुसणार. रेंगाळले तर पेटीतल्या तारा तापून लाल होणार. कुठल्या खाचेत किती थांबायचे, ते माझ्या आवाजावरून ओळखायचे. पहिल्या खाचेत मी कण्हत असे. जमीन थरथरे, सगळ्या शेडमधले दिवे मंद होत. मी वेग घेईपर्यंत कोणी बोलत नसे. शिंक आली तरी माणसे नाक दाबून धरत.

सुरुवातीला दांडा ज्याच्या हाती होता, त्याला सगळे थोरला म्हणत. त्याचा धाकटा भाऊ त्याच्या हाताखाली होता. या धाकट्याचे दोन भाचे कारखान्यात कामाला होते, म्हणून मॅनेजरसुद्धा त्याला मामाच म्हणत. एका सकाळी दांडा मधल्याच खाचेत अडकला. पेटीचे झाकण उडाले, निळा जाळ बाहेर आला आणि थोरल्याचे दोन्ही हात मनगटापर्यंत भाजले. मामा त्याच्या मागेच उभा होता. त्यानंतर थोरल्याला शर्टाचे बटणसुद्धा स्वतःचे स्वतः लावता आले नाही. नवी पेटी आली. दांडा मामाच्या हाती आला. तुला तो हवा का, असे त्याला कोणी विचारले नाही. आणि नको म्हणायची सोय तरी कुठे होती? थोरल्याचा आणि त्याचा, असे दोन संसार आता त्याच्या एकट्याच्या पगारावर होते.

मामा मला सुरू करू लागला, पण त्याचा हात मला कळत होता. दांडा थरथरला की वीज माझ्यापर्यंत अडखळत येई. एकदा भर कामात वीज गेली. ती परत आली तरी मामाचा पत्ता नव्हता. तो संडासात जाऊन बसला होता. शेवटी ओले हात पुसत आला, तेव्हा यंत्रांची दुरुस्ती पाहणारा फिटर म्हणाला, "काय मामा, इकडे मोटार बंद पडली की तिकडे तुमचं पोट सुरू होतं का?"

सगळी शेड हसली. मामाही हसला. पण त्या दिवसापासून त्याने मला बंद करणेच सोडले.

मित्रांनो, माझा एक नेम होता. सुट्टीच्या दिवशी मला थांबवायचे, पोटातली काळी धूळ उडवायची, बेअरिंगमधले जुने तेल काढून नवे घालायचे. मामा आता सुट्टीतही मला रिकामीच फिरत ठेवू लागला. बंद-चालू केल्याने मोटारीचे आयुष्य कमी होते, असे त्याने मॅनेजरच्या गळी उतरवले. सुट्टीनंतर काम वेळेवर सुरू होई, त्यामुळे मॅनेजर खूश होते. मामांच्या हातात मोटार कधी बंद पडत नाही, असे त्यांनी सगळ्यांसमोर सांगितले. टाळ्या वाजल्या. आता तर मामाचे तोंड पुरतेच बंद झाले. फिटर अधूनमधून येई, थोडा वेळ मोटार द्या म्हणे. पुढच्या सुट्टीला बघू, हे मामाचे उत्तर ठरलेले.

माझे तेल काळे झाले, मग चिकट, मग घट्ट. अंग तापू लागले. मामा लाकडाची काठी बेअरिंगला टेकवून तिचे दुसरे टोक कानाला लावी. आतली खरखर त्याला ऐकू येत होती. एका दुपारी आजूबाजूला कोणी नाही असे पाहून त्याने माझ्या अंगावर हात ठेवला.

"एवढा आठवडा काढ गं बाई," तो म्हणाला. "मग बोलतो मी साहेबांशी."

मला थांबव, एवढेच मला सांगायचे होते. पण मला एकच आवाज काढता येत होता, आणि तो तर त्याने ऐकलाच होता.

आठवडा निघाला नाही. बेअरिंग जाम झाले, माझा फिरता भाग भोवतालच्या वेढ्यांवर घासला. ते हाताने बसवलेले तांबे जळाले. शेड धुराने भरली. मामाने मला बंद केले, पण तोवर माझ्यात काही उरले नव्हते.

फिटरने झाकण उघडले. बेअरिंगमध्ये तेलाचा डांबरासारखा गोळा झाला होता.

"मामा, तुम्हाला ऐकू येत नव्हतं का?"

"येत होतं."

"मग बंद का नाही केली?"

"बंद केली असती तर परत चालू करावी लागली असती." मामा खालीच बसला. "मला भीती वाटते रे. दांडा धरला की थोरल्याचे हात दिसतात."

फिटरने हातातले झाकण खाली ठेवले. मग म्हणाला, "एकदा बोलायचं होतं. मी धरला असता दांडा."

"तुलाच सांगणार होतो. पण तू हसलास."

मामाला कामावरून काढले. परवा त्याचा भाचा इथे पाइप शोधायला आला होता, तो सोबत्याला सांगत होता. घरी आता दोघे भाऊ दिवसभर समोरासमोर बसतात. थोरला त्याला बोल लावत नाही, पण मामाला त्याच्याकडे बघवत नाही.

मित्रांनो, यंत्राला वेळच्या वेळी थांबू द्या. जे कधी थांबत नाही, त्याचे कौतुक करण्याआधी त्याला हात लावून पाहा, ते तापले आहे का. आणि कोणाचा हात थरथरताना दिसला तर हसू नका. त्याच्या शेजारी जाऊन उभे राहा. मामाला तेवढेही पुरले असते.

मला याचा आता उपयोग नाही. लवकरच माणसे येतील, मला कापतील आणि तांबे काढून नेतील. मला फक्त घटकाभर थांबायचे होते.