खंडेनवमीचा चुंबक

सकाळी पावणेअकराला अंथुर्ण्यात बिरदेव घराच्या ओसरीवर कोसळला. अंग ताठरले, मग झटके सुरू झाले. मागच्या दारी धुणे टाकून त्याची बायको स्वरूपा धावत आली. तिने त्याला कुशीवर वळवले आणि मनगट चाचपले. चुंबकाचा पट्टा तिथे नव्हता.

गोळ्यांना न जुमानणाऱ्या फिटसाठी दीड वर्षापूर्वी बिरदेवच्या छातीत, कातडीखाली यंत्र बसवले होते. त्याची तार मानेतल्या नसेला ठरावीक वेळाने विजेचे हलके ठोके देई. फिट आलीच, तर चुंबक यंत्रावरून झर्रकन फिरवायचा. यंत्र एक जादा ठोका देते. फिट बंद झाल्या नव्हत्या, कमी झाल्या होत्या. तेवढ्यावर बिरदेव पुन्हा पंपदुरुस्तीला बसू लागला होता.

"पट्टा कुठाय?"

"पूजेत," सासरे अप्पा म्हणाले. "खंडेनवमी न्हाय का आज? त्यानंच ठेवला. म्हणला, माझं खरं हत्यार ह्येच."

पाटावर नट आवळायचे पाने, हातोडी, कोयता आणि झेंडूखाली चुंबक. स्वरूपा तिकडे वळली, तसे अप्पा आडवे आले.

"पुजलेलं हत्यार उद्यापतोर हलवत न्हाईत. कांदा लाव नाकाला. येतोय शुद्धीवर."

"सरका, अप्पा."

"ह्या घरात माझं काय चालतं का न्हाय?"

"तुमचं ऐकायला पोरगा जिता ऱ्हायला पायजे. सरका म्हणते न्हवं."

सासू पुतळाबाई फोडलेला कांदा हातात धरून नुसत्याच उभ्या. स्वरूपाने अप्पांना खांद्याने लोटले. पाट लवंडला, कोयता फरशीवर खणकला. तिने चुंबक बिरदेवच्या छातीवरून फिरवला. थांबली. पुन्हा फिरवला. झटके थांबेनात.

शेजारच्या दीपकने जीप दारात आणली. बिरदेवला मागे निजवले, तेव्हा अप्पा पुढे चढू लागले.

"तुमी हितंच ऱ्हावा," स्वरूपा म्हणाली. "हत्यारं राखा."

बारामतीच्या दवाखान्यात शिरेतून औषध गेल्यावर झटके थांबले.

"चुंबक लगेच नाही फिरवला?" डॉक्टरांनी विचारले.

"उशिरा."

"का?"

"पूजा चालली हुती."

डॉक्टरांनी मान वर करून पाहिले. ती चेष्टा करत नव्हती.

दुपार कलल्यावर बिरदेवने डोळे उघडले. डॉक्टरांनी त्याला नाव विचारले, ते त्याने सांगितले. गाव सांगितले. मग त्यांनी स्वरूपाकडे बोट केले.

"ह्या कोण?"

बिरदेव तिच्याकडे बघत राहिला. दिवे लागले तरी ती कोण, हे त्याला आठवले नव्हते.