हरवलेले चौथे कार्ड

१.
चर्चचे पाळक रंगनाथ यांचा रविवारचा उपदेश नेहमी चार कार्डांचा, एका कार्डावर एक मुद्दा. कार्डे बुटाच्या खोक्यात. शेजारी जाडजूड शब्दसूची, बायबलात कोणता शब्द कुठे आला आहे ते सांगणारी.

आणीबाणीला वर्ष उलटले होते. मंडळीतल्या मल्हारीला पोलिसांनी सातपूरच्या कारखान्याच्या फाटकावरून उचलले, त्याला तीन महिने झाले. त्याची बायको लताबाई दर रविवारी पहिल्या बाकावर बसायची आणि काही विचारायची नाही. तेच जड जायचे.

या रविवारचा विषय: सरकार. पहिले कार्ड: सत्ता देवाकडून येते.

२.
दुसरे कार्ड: कर भरा, मान द्या.

यावर कोण कान टवकारणार? भिकन? सरकारी कचेरीत कारकून. दोन महिने शेवटच्या बाकावर बसून उपदेश वहीत उतरवतो. कुणासाठी?

शनिवारी तो प्रार्थनेच्या चिठ्ठ्या द्यायला आला, तेव्हा रंगनाथांनी हसत विचारले, "काय भिकन, पाळक व्हायचा बेत दिसतो."

"छे हो, पाळकसाहेब. तुमची मोडकी सायकल बघूनच बेत सोडला."

हसला. नजर मात्र खोक्यावर होती. होती ना?

३.
तिसरे कार्ड: राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना करा.

(इथे चौथे कार्ड हवे होते. रविवारी सकाळी खोक्यात तीनच निघाली.)

चौथ्यावर होते: चौकशीवाचून माणसाला डांबणाऱ्या सत्तेला देवापुढे जाब द्यावा लागेल. खाली मल्हारीचे नाव. अक्षर रंगनाथांचे.

शनिवारी भिकनशिवाय कोण आले होते?

रंगनाथांनी तीन कार्डांवर उपदेश आटोपला. शेवटच्या बाकावर भिकनचे पेन थोडा वेळ उघडेच राहिले. लताबाई न भेटता गेली.

४.
सोमवारी शब्दसूची उघडली. 'राजा' या शब्दापाशी चौथे कार्ड. शुक्रवारी खूण म्हणून त्यांनीच घातलेले.

मग हेही आठवले, की कार्ड सापडेना तेव्हा त्यांना हायसे वाटले होते. मजकूर तर तोंडपाठ होता.

भिकन चोर नाही, एवढे ठरले. वही उरलीच. ते त्याच्या घरी गेले. खाटेवर त्याची आई भागीबाई, कंबर मोडल्यापासून दोन महिने पडून.

"बसा पाळकसाहेब," म्हातारी म्हणाली. "यानं काल तीनच मुद्दे वाचून दाखवले. म्हटलं, मेल्या, चौथा खाल्लास? आमचे पाळक तीनावर थांबायचे नाय."

"आई, तीनच होते गं," भिकन म्हणाला.

वही आईसाठी, तर. दिसत तरी तसेच होते. पण आईला वाचून झाल्यावर ती आणखी कुठे जात असेल तर? भिकनच्या चेहऱ्यावरून काही कळेना.

"पेन घे," रंगनाथ म्हणाले. "चौथा राहिला होता."

भिकनने टोपण काढले. रंगनाथांची नजर त्या टोकावरून हलेना.

"आधी मल्हारीचं नाव लिही," ते म्हणाले. "शेवटी माझं. येत्या रविवारी उपदेशाची सुरुवात इथूनच."