सातव्या पायरीचा बाण

न्यायालयाच्या चाळीसही पायऱ्या आमच्या गावच्या संगमरवराच्या आहेत. दुधात धूर मिसळावा तसा त्याचा रंग. स्टेशनच्या तिकीटखिडकीचा कट्टा, इस्पितळातली फरशी, बँकेचे खांब, सगळं त्याच दगडाचं. खाणीत पाणी भरून ती बंद पडली त्याला चव्वेचाळीस वर्षं झाली. आता जे गेलं ते गेलंच.

म्हणून सातवी पायरी फुटली, दगडच कच्चा आहे, सगळ्या पायऱ्या उखडून टाइल्स बसवणार, असं पेपरात वाचलं आणि माझा चहा कपातच निवला.

दगड कच्चा नव्हता. ती पायरी बाबांनी चुकीची बसवली होती, आणि हे माहीत असलेली आम्ही दोघंच उरलो होतो, मी आणि धाकटा भाऊ.

बाबा खाणीतले मुख्य कारागीर, न्यायालयाच्या पायऱ्याही त्यांनीच बसवलेल्या. खाणीतला नियम एकच: दगड डोंगरात जसा निजलेला असतो, तसाच इमारतीत निजवायचा. थर आडवे राहिले तर तो पिढ्यान्‌पिढ्या हलत नाही. उभे केले तर कांद्यासारखा सुटत जातो. चूक होऊ नये म्हणून दगड काढतानाच त्याच्या टोकाला छिन्नीनं वर तोंड केलेला बाण कोरत.

त्या एका दगडात नदीसारखी निळी रेघ निघाली होती. नीट निजवला तर ती पुढच्या कडेला दबून जाणार होती. कुशीवर वळवला तर पायरीभर वाहणार होती. बाबांना मोह आवरला नाही. मी नऊ वर्षांची, पाण्याची बादली धरून उभी. ‘एकीनं काय होतंय,’ असं ते स्वतःशीच पुटपुटले होते. पुढे लोक ती रेघ बघायला थांबत, आणि बाबा येता-जाता तिच्यावरून आपलं उपरणं फिरवत.

मी न्यायालयाच्या कामावरच्या इंजिनीअरकडे जाऊन सांगणार म्हटल्यावर धाकटा मागच्या अंगणातल्या आपल्या दगडी बाकावरून उठलासुद्धा नाही. रोजचा चहा तो तिथेच घेतो.

“ताई, बाबांचं म्हणून गावात एवढं एकच उरलंय. त्यालाच तू बट्टा लावणार?”

“एकच नाही, चाळीस आहेत. एकीची लाज झाकायला एकोणचाळीस घालवू?”

मी चपला घातल्या.

इंजिनीअर कोवळी पोर होती, पण ऐकून घेणारी. टाइल्सच्या कंत्राटदाराला मात्र घाई. दगडाला बाण कशाला, त्याला काय रस्ता चुकायची भीती होती का, म्हणून तो हसला. दगड कधीच चुकत नाही, बसवणारा चुकतो, असं मी त्याला सांगितलं आणि कठड्यालगतचा गिलावा फोडायला लावला. सहाव्या पायरीच्या टोकाला बाण निघाला, सरळ वर. आठवीचाही तसाच. सातवीचा आडवा, रस्त्याकडे तोंड करून पडलेला.

“कुणी बसवली ही?” तिनं विचारलं.

मी म्हटलं, “माझ्या वडिलांनी. त्यांना कळत होतं, तरीही.”

तिनं वहीत बरंच लिहिलं. दोन दिवसांत आणखी दहा पायऱ्यांची टोकं उघडून पाहिली आणि निकाल दिला: दगड पक्का आहे, एकोणचाळीस राहतील. पण सातवीच्या जागी तोच दगड मिळाला तरच. नाहीतर एकच पायरी वेगळी दिसायला नको म्हणून सगळ्याच जिन्याला टाइल. पंधरा दिवसांची मुदत.

घरी येऊन धाकट्याला सगळं सांगितलं, आडव्या बाणासकट. त्यानं कप खाली ठेवला. मग उठला, खाली वाकला आणि बाकाच्या टोकाची माती नखानं खरवडू लागला. तो बाक म्हणजे त्याच पायऱ्यांमधून उरलेला दगड, ऊन-पाण्यात साठ वर्षं पडून असलेला. एक कपचाही उडाला नव्हता. बाण निघाला. सरळ वर.

“हा तरी नीट बसवला म्हाताऱ्यानं,” तो म्हणाला, आणि पहार आणायला गेला.

आता तो चहा खुर्चीवर घेतो आणि खुर्ची टोचते म्हणून रोज मला ऐकवतो. सातवीवर निळी रेघ नाही. तिथे कुणी थांबत नाही. सगळे सरळ वर चढून जातात.