दोन पेले, एकच थुंकी

गोदामात पाय ठेवायला जागा नव्हती. मंचावर निळ्या पाण्याचे पेले, त्यांच्यामागे निळे महाराज, आणि समोर अख्खी वस्ती टाचा उंचावून उभी!

“थुंक!” महाराज गरजले. “हे तुझ्या तापाचं विष. मंत्राने कसं विरघळतं ते बघ!”

तापाने खंगलेला वस्तीतला वेल्डर पेल्यात थुंकला. महाराज ढवळत राहिले, पुटपुटत राहिले. पाचेक मिनिटांत पाणी स्वच्छ! टाळ्यांनी पत्रे हादरले.

“झालास मोकळा! गोळ्या गटारात टाक.”

“टाकतो, महाराज.”

गर्दीत उभ्या वेल्डरच्या धाकट्या मुलीने बोटांवर दिवस मोजले. गोळ्या अठ्ठावीस दिवसांच्या, आज बारावा दिवस. वाळूमाशीच्या चाव्यातून शिरलेला परजीवी अजून बाबांच्या प्लीहेत ठाण मांडून होता. शेजारच्या काकांनी गोळ्या अर्ध्यावर सोडल्या, ताप उलटला, आणि काका गेले.

तिने घरून तयार करून आणलेल्या दोन बाटल्या उचलल्या आणि सरळ मंचावर चढली.

“माझंही विष काढा. या दोन्हींत माझीच थुंकी आहे, अर्ध्या तासापूर्वीची. दोन पेल्यांत ओतते.”

“ईऽऽ!” कुणीतरी ओरडलं.

“पोरी, मंत्र असा दोन-दोनदा मिळत नाही!”

“का? ताकद कमी पडते?”

खसखस पिकली. आता महाराजांना माघार घेता येईना. ते पुटपुटले. पहिला पेला स्वच्छ झाला. दुसरा मात्र निळा तो निळाच! महाराजांचा आवाज चढला, कपाळावर घाम आला, पण पेला काही ऐकेना.

“म्हणजे मी अर्धी बरी आणि अर्धी आजारी?” धाकटीने विचारलं.

“हिच्यावर सावट आहे!”

“सावट कसलं, राजमा आहे! पांढरा राजमा भिजवला, वाटला, गाळला, आणि दुसऱ्या बाटलीत घातला. पहिलीत नुसतं पाणी.”

“मग माझा पेला कसा गं साफ झाला?” बाबांनी विचारलं.

“पेल्यात कपड्यांची खळ आणि जखमेवरचं आयोडीन आहे, म्हणून निळं. आपल्या सगळ्यांच्या थुंकीत खळ कापणारं एन्झाइम असतं. खळ कापली की निळा रंग गेला. त्याला तुमचा ताप ठाऊकही नाही, बाबा! राजम्यातला एक पदार्थ त्या एन्झाइमच्या खाचेत घट्ट बसतो, आणि त्याचं काम ठप्प. आपली ताई प्रयोगशाळेत दुसरं काय करते? परजीवी ज्या एन्झाइमवर जगतो, त्याची खाच शोधायची, आणि तिच्यात नेमका अडकेल असा रेणू घडवायचा. शंभर घडवले तर नव्व्याण्णव फसतात. ती फसलेलेही वहीत लिहून ठेवते.” ती महाराजांकडे वळली. “तुमचा फसलेला पेला आजवर का नाही दिसला कुणाला?”

महाराज पेले आवरायला लागले.

“आवरू नका, राहू द्या!” मग ती गर्दीला म्हणाली, “घरी खळ आहे, आयोडीन आहे, थुंकी तर फुकट आहे. माझ्यावरही विश्वास ठेवू नका. करून बघा, आणि मग ठरवा!”

बाबांनी खिशातून गोळ्यांची पट्टी काढली. बाराव्या दिवसाची गोळी तळहातावर घेतली.

“पाणी दे गं,” ते म्हणाले. “साधं.”